मेंदू आणि मेंदूविकारांवरचं आंतरविद्यापीठीय संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका विद्यापीठाची प्रयोगशाळा हे काम एकटी का करू शकत नाही?

काही कामं करतेच. एका चेतापेशीत विद्युतप्रवाह कसा वाहतो, एखाद्या प्रथिनाची घडी कुठे चुकते, हे शोधायला दहा विद्यापीठं लागत नाहीत. उलट जास्त माणसं आली की काम अडतं. प्रश्न माणसांच्या तुलनेचा आला की मात्र संख्या तोकडी पडते. २०१३ साली न्यूरोसायन्समधल्या अभ्यासांचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात खरा फरक पकडण्याची त्यांची सांख्यिकीय क्षमता साधारण २१ टक्के निघाली. म्हणजे फरक खरोखर असला तरी पाचांतला एखादाच अभ्यास तो पकडणार. आणि छोट्या अभ्यासाला फरक सापडलाच, तर तो असतो त्यापेक्षा मोठा दिसतो, ही वेगळीच डोकेदुखी.

स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या १०८ जनुकीय जागा २०१४ मध्ये जाहीर झाल्या, त्यामागे सुमारे ३७,००० रुग्णांची माहिती होती. कुठल्याही एका रुग्णालयात इतके रुग्ण जमणं शक्य नव्हतं.

दुर्मीळ विकारांत तर दुसरा मार्गच नसतो. हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकाराची खूण चौथ्या गुणसूत्रावर आहे हे १९८३ मध्ये कळलं. त्यासाठी व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठच्या कुटुंबांचे रक्तनमुने कामी आले. नेमकं जनुक हाती लागायला आणखी दहा वर्षं गेली. १९९३ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा शोधनिबंधावर कुणा एका प्रयोगशाळेचं नाव नव्हतं, संपूर्ण सहयोगी गटाचं होतं.

मग प्रत्येक अभ्यासाला हजारो माणसं लागतात का?

नाही. मेंदूची रचना आणि माणसामाणसांतले वागणुकीचे बारीक फरक यांचा संबंध शोधायचा असेल तर हजारो लागतात. एकाच माणसाची औषधाआधी आणि औषधानंतर तुलना करायची असेल तर काही डझनांतही काम भागतं. संख्या प्रश्नावरून ठरते.

सहयोगाचे प्रकार कोणते?

ढोबळ मानानं तीन. पहिल्या प्रकारात प्रत्येक केंद्र आपल्याकडच्या जुन्याच स्कॅनवर ठरलेल्या एकाच पद्धतीनं मोजमाप करतं आणि फक्त आकडे पाठवतं. मूळ चित्रं विद्यापीठाबाहेर जातच नाहीत. २००९ पासून चालू असलेला ‘एनिग्मा’ हा गट बराचसा असं काम करतो. दुसऱ्या प्रकारात पहिल्या दिवसापासून सगळीकडे एकच कार्यपद्धती असते. अल्झायमरवरचा अमेरिका-कॅनडातला ‘एडनी’ हा २००४ मध्ये सुरू झालेला प्रकल्प त्याचा नमुना. त्याची माहिती जगभरातल्या संशोधकांना अर्ज करून मिळते. तिसऱ्या प्रकारात माणसांनाच मोजक्या केंद्रांत, एकसारख्या यंत्रांपाशी आणतात. ब्रिटनमधल्या ‘यूके बायोबँक’ या मोठ्या आरोग्य-अभ्यासाचं स्कॅनिंग असं होतं.

नव्या गटानं पहिल्या प्रकारानं सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. खर्च कमी, करारमदार सोपे आणि कुठलं केंद्र वेळेत उत्तर देतं हेही आधीच कळतं.

पहिला सहभागी येण्याआधी काय काय ठरलेलं असावं?

मुख्य प्रश्न एक आणि त्याचं मुख्य मोजमाप एक. बाकी सगळं दुय्यम. मग निदानाचे निकष, त्यांची आवृत्ती आणि निदान कोण करणार. ‘पार्किन्सन’ हा शब्द सगळे एकाच अर्थानं वापरतात असं गृहीत धरू नये.

यातला एक नियम मोडला तर पुढे कुठलंही गणित वाचवू शकत नाही: प्रत्येक केंद्रानं रुग्ण आणि निरोगी तुलनागट दोन्ही आणायचे. एका विद्यापीठानं सगळे रुग्ण दिले आणि दुसऱ्यानं सगळे निरोगी, तर दिसणारा फरक रोगाचा की यंत्राचा हे कायमचं अनुत्तरित राहतं. हे इतकं उघड असूनही वारंवार घडतं, कारण रुग्णालय असलेल्या केंद्राकडे रुग्ण सहज मिळतात आणि मानसशास्त्र विभागाकडे निरोगी विद्यार्थी.

कार्यपद्धतीच्या पुस्तिकेवर आवृत्ती क्रमांक आणि तारीख हवी. प्रत्यक्ष भरती सुरू करण्याआधी प्रत्येक केंद्रानं तीन ते पाच जणांवर सगळी प्रक्रिया करून ती माहिती मध्यवर्ती गटाकडे तपासायला द्यावी. ती पास झाल्याशिवाय भरती उघडू नये, मग प्रमुख संशोधक कितीही घाईत असोत.

नीतिसमितीची मंजुरी एकदाच घेतली तर चालते का?

बहुतेक ठिकाणी प्रत्येक संस्थेची समिती स्वतंत्रपणे बघते, आणि एकीनं सुचवलेला बदल बाकीच्यांकडे पुन्हा न्यावा लागतो. मंजुऱ्या, माहिती देण्याघेण्याचे करार आणि नमुन्यांच्या हस्तांतराचे करार यांत कित्येक महिने सहज जातात. वेळापत्रक आखताना हे महिने धरलेले नसतात, म्हणून पहिलं वर्ष कोरडं जातं.

संमतिपत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: माहिती दुसऱ्या विद्यापीठांना दिली जाईल का, पुढच्या वेगळ्या संशोधनासाठी वापरता येईल का, जनुकीय तपासणी होईल का आणि काही आढळलं तर कळवलं जाईल का. हे लिहायचं राहिलं तर फ्रीजरमधले नमुने असून नसल्यासारखे. चार-पाच वर्षांनी त्याच लोकांकडे परत जावं, तर काही हयात नसतात आणि काहींची समजून संमती देण्याची क्षमता गेलेली असते. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात म्हणूनच पहिल्याच भेटीत ‘पुढे माझ्या वतीनं कोणी निर्णय घ्यावा’ हे लिहून घेतात. तरीही पुढच्या भेटीत त्या व्यक्तीनं मान फिरवली, हात मागे घेतला, तर तो नकार समजायचा.

वेगवेगळ्या स्कॅनरवरचे एमआरआय एकत्र करता येतात का?

येतात, पण यंत्राचा फरक रोगाच्या फरकाइतकाच मोठा असू शकतो हे लक्षात ठेवून. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग, वर्षाला साधारण ४ ते ५ टक्के आक्रसतो. निरोगी वृद्धांत हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असतं. शोधायचा फरक तीन टक्क्यांचा, आणि स्कॅनर बदलल्यानं मापात तेवढाच फरक पडू शकतो.

चुंबकाची ताकद सारखी ठेवा: सगळे १.५ टेस्ला किंवा सगळे ३ टेस्ला (टेस्ला हे त्या ताकदीचं एकक). रचनात्मक स्कॅनला १ मिलिमीटरचे घनाकार व्हॉक्सेल (चित्राचे त्रिमितीय ठिपके) ही रुळलेली निवड आहे. सीमेन्स, जीई आणि फिलिप्सच्या यंत्रांवर त्याच प्रकारच्या स्कॅनची नावं वेगळी असतात आणि ‘तीच सेटिंग’ डोळे झाकून उतरवता येत नाही. म्हणून प्रत्येक कंपनीसाठी वेगळी फाइल बनवून ती थेट यंत्रात भरावी. ऑपरेटरनं हातानं आकडे भरले की कुठेतरी एक अंक चुकतोच.

डोकं चुंबकाच्या बरोबर मध्यभागी हवं. कडेला ग्रेडियंटचं, म्हणजे जागा ओळखण्यासाठी मुद्दाम बदलत नेलेलं चुंबकीय क्षेत्र सरळ राहत नाही, चित्र ताणलं जातं, आणि एकाच माणसाचा मेंदू दोन भेटींत वेगळ्या आकाराचा दिसतो. फँटम, म्हणजे माप आधीच माहीत असलेला द्रवभरला साचा, ठरलेल्या वारी स्कॅन करून त्याचा आलेख ठेवावा. शक्य असेल तर चार-सहा निरोगी माणसांना सगळ्या केंद्रांत फिरवून प्रत्येक यंत्रावर स्कॅन करावं. खर्चिक आहे, पण यंत्रायंत्रांतला फरक इतक्या थेटपणे दुसऱ्या कशानं मोजता येत नाही.

शेवटी ‘कॉम्बॅट’सारखी सांख्यिकीय पद्धत वापरून केंद्राचा परिणाम वजा करतात. ती मुळात जनुकीय चाचण्यांसाठी बनली होती, पुढे मेंदूच्या चित्रांसाठी वापरात आली. ज्या केंद्रातून जेमतेम पाच-सात माणसं आली तिथे तिचा अंदाज डळमळतो. आणि केंद्र व निदान एकमेकांत गुंतलेले असतील तर ती यंत्राबरोबर रोगही पुसून टाकते.

अभ्यास चालू असताना स्कॅनर अपग्रेड झाला तर?

नोंद ठेवा, आधी आणि नंतर फँटम व काही माणसं स्कॅन करा, आणि विश्लेषणात अपग्रेडनंतरचं यंत्र वेगळं केंद्र समजा. रेडिओलॉजी विभाग संशोधकांना विचारून अपग्रेड करत नाही. सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक दर आठवड्याला बघणं हाच उपाय.

डावी-उजवी बाजू उलटी होण्याबद्दल इतकी काळजी का?

कारण ही चूक डोळ्यांना दिसत नाही. मेंदूचे दोन अर्धे साधारण सारखे, आणि रेडिओलॉजिस्ट चित्र रुग्णाच्या पायांकडून पाहिल्यासारखं मांडतात, म्हणजे चित्राच्या डावीकडे रुग्णाची उजवी बाजू. संशोधनाची काही सॉफ्टवेअर याच्या बरोबर उलट मांडतात. जुन्या फाइल-प्रकारांत दिशेची नोंद भरवशाची नसायची. आताच्या निफ्टी या फाइल-प्रकारात ती दोन ठिकाणी असते, आणि त्या दोन नोंदींचं आपसांत पटत नसलेल्या फाइलीही येतात. पक्षाघाताच्या किंवा अपस्माराच्या अभ्यासात एका केंद्राच्या फाइली उलट्या आल्या तर डाव्या बाजूची इजा दोन्हीकडे वाटली जाते आणि खरा परिणाम अर्धवट पुसला जातो.

उपाय स्वस्त आहे. स्कॅनच्या आधी उजव्या कानशिलावर ई जीवनसत्त्वाची एक तेलाची कॅप्सूल चिकटपट्टीनं लावायची. तेल चित्रात पांढरं चमकतं आणि उजवी बाजू कायमची ठरून जाते. मात्र सगळ्या केंद्रांनी उजवीकडेच लावायची. एका ठिकाणी डावीकडे लावली की त्या खुणेवर कुणी भरवसा ठेवत नाही.

ईईजीमध्ये काय बिघडतं?

ईईजी, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युतलहरी टिपणं, स्वस्त आणि सगळीकडे उपलब्ध, म्हणून लोक ते सोपं समजतात. इलेक्ट्रोड १०-२० पद्धतीनं, डोकं टेपनं मोजून लावायचे: नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, आणि एका कानापासून दुसऱ्यापर्यंत. टोपी घातली म्हणून मोजणं टळत नाही. इम्पिडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोड यांमधला विद्युतरोध, साधारण ५ किलोओहमच्या खाली आणावा, अर्थात उच्च इम्पिडन्सवर चालणाऱ्या यंत्रांची मर्यादा वेगळी. ज्याच्या तुलनेत बाकीच्यांचं माप घेतात तो संदर्भ इलेक्ट्रोड सगळीकडे एकच ठेवावा. विजेची गुणगुण काही देशांत ५० हर्ट्झला येते, काहींत ६० ला. एकाच फिल्टरनं सगळ्यांची माहिती साफ केली तर निम्म्यांची साफ होतच नाही.

प्रतिसादाची वेळ मोजायची असेल तर संगणकानं ‘चित्र दाखवलं’ असं म्हटलेली वेळ आणि पडद्यावर ते उमटल्याची वेळ यांत फरक पडतो. ६० हर्ट्झच्या पडद्याची एक फ्रेमच १६.७ मिलिसेकंदांची. पडद्याच्या कोपऱ्यात प्रकाशसंवेदक चिकटवून प्रत्येक केंद्रातला हा उशीर मोजून ठेवावा. आणि डोळे मिटून पडलेला माणूस दहा मिनिटांत पेंगतो, जागेपणी डोळे मिटल्यावर दिसणाऱ्या अल्फा लहरी विरतात. तंत्रज्ञानं वेळेसकट तशी नोंद केली नाही तर पुढे तो विकाराचा परिणाम वाटू शकतो.

पाठीच्या कण्यातल्या पाण्याचे नमुने घेताना नेमकं काय पाळायचं?

एमआरआयपेक्षाही जास्त नमुने इथे वाया जातात, आणि दोष बहुतेकदा नळीचा असतो. अल्झायमरशी संबंधित अमायलॉइड बीटा हे प्रथिन काचेला आणि पॉलिस्टायरीन या प्लास्टिकला चिकटतं. तशा नळीत घेतलेल्या निरोगी माणसाच्या पाण्यात ते कमी मोजलं जातं, आणि अल्झायमरमध्येही ते कमीच असतं, म्हणून अहवाल अल्झायमरसारखा दिसतो. म्हणून सगळ्या केंद्रांना एकाच कंपनीच्या पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या नळ्या, जमलं तर एकाच खेपेतल्या, मध्यवर्ती गटानं पुरवाव्यात. नळी तळाशी थोडीशी भरून ठेवू नये. पाणी कमी आणि भिंत जास्त असली की चिकटणारं प्रमाण वाढतं. दर वेळी नळी बदलली की आणखी थोडं जातं.

सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये घालतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. बोथट टोकाची, बारीक सुई वापरली तर नंतरची डोकेदुखी बरीच कमी होते. पहिले एक-दोन मिलिलिटर नेहमीच्या तपासणीला द्यावेत. पाणी लालसर आलं तर ते तसंच गोठवू नये. पार्किन्सनच्या अभ्यासात मोजायचं अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन तांबड्या रक्तपेशींत भरपूर असतं, त्यामुळे रक्ताची थोडी भेसळही आकडा फुगवते.

दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून पेशी तळाशी बसवून), अर्धा-अर्धा मिलिलिटरचे वाटे पाडून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवायचे. वाटे लहान असण्याचं कारण म्हणजे एकदा वितळवलेला वाटा पुन्हा गोठवून वापरायचा नाही. पार्सल कोरड्या बर्फात आणि सोमवारी-मंगळवारी पाठवावं. शुक्रवारी निघालेलं पार्सल सुट्टीत गोदामात वितळतं. एका माणसाचे सगळे वाटे एकाच खोक्यात कधीही घालू नयेत.

प्रयोगशाळेतही एका वेळी अनेक नमुने तपासणाऱ्या प्लेटवर रुग्ण आणि निरोगी मिसळून लावावेत. एका प्लेटवर सगळे रुग्ण लावले की प्लेटचा फरकच निकाल होऊन बसतो.

स्मृतिचाचण्या आणि तपासणीचे गुण सगळीकडे सारखे कसे ठेवायचे?

चाचणीचं नुसतं भाषांतर पुरत नाही. लक्षात ठेवायच्या शब्दांची यादी असेल तर दुसऱ्या भाषेतले शब्दही तितकेच लांब आणि तितकेच ओळखीचे हवेत. शिक्षणाचा परिणाम मोठा असतो: स्मृती आणि विचारशक्ती झटपट तपासणाऱ्या ३० गुणांच्या मोका चाचणीत बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असलेल्यांना एक गुण वाढवून देतात, आणि निरक्षरांसाठी तेवढी दुरुस्ती अगदीच अपुरी आहे.

पार्किन्सनमध्ये तपासणीची वेळ निर्णायक. साधारणपणे रात्रीपासून बारा तास औषध न घेता सकाळी तपासतात. एका केंद्रानं गोळीनंतर तपासलं तर तिथले रुग्ण सौम्य आजाराचे वाटतात. तपासनिसांनी वर्षातून एकदा तरी तेच व्हिडिओ बघून स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि त्यांचा मेळ तपासावा. काळानुसार प्रत्येकाचा हात सैल किंवा कडक होत जातो.

मृत्यूनंतर मेंदू दान केला तर त्याचं काय होतं?

शक्यतो चोवीस तासांच्या आत मेंदू ब्रेन बँकेत पोहोचावा लागतो. साधारणपणे मेंदूच्या एका अर्ध्या भागाचे काप करून उणे ८० अंशांवर गोठवतात आणि दुसरा अर्धा फॉर्मॅलिनमध्ये काही आठवडे पक्का करतात. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या खोडातला एरवी काळसर दिसणारा पट्टा फिका पडलेला नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. अनेक वृद्धांच्या मेंदूत एकाहून जास्त विकारांच्या खुणा सापडतात. हयातीतलं निदान एकच असलं तरी. सर्वांत जास्त टंचाई निरोगी मेंदूंची असते, कारण आजार नसलेल्या माणसाला दान करावंसं सहसा सुचत नाही.

माहिती साठवताना कुठल्या चुका सर्रास होतात?

तारखा. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे देशादेशांत बदलतं. वर्ष-महिना-दिवस असंच लिहावं. मग रिकाम्या जागा: एक केंद्र शून्य भरतं, दुसरं ९९. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात ९९ हे खरंखुरं वयही असू शकतं. स्प्रेडशीट जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकतं. मार्च आणि सेप्ट अशा नावांच्या जनुकांबाबत हे इतकं झालं की २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं.

फाइली २०१६ पासून प्रचलित झालेल्या, मेंदूच्या चित्रांसाठीच्या ‘बिड्स’ या प्रमाणित मांडणीत ठेवाव्यात. सहभागीचा क्रमांक केंद्रानं नव्हे, मध्यवर्ती यंत्रणेनं द्यावा, म्हणजे दोघांना एकच क्रमांक जात नाही.

स्कॅनवरून माणूस ओळखता येतो का?

येऊ शकतो. डोक्याच्या एमआरआयमध्ये चेहराही येतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८४ जणांपैकी ८३ टक्के लोकांचा स्कॅन चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं त्यांच्याच फोटोशी जुळवला. म्हणून माहिती बाहेर देण्याआधी चेहरा पुसतात. सॉफ्टवेअर कधी कपाळामागचा मेंदूही कापतं. प्रत्येक चित्र एकदा डोळ्यांखालून घालावं.

विश्लेषण एकाच गटानं करावं की प्रत्येकानं आपापलं?

पद्धत आधी लिहून, नोंदवून, मग एकानं करावं आणि दुसऱ्यानं स्वतंत्रपणे पडताळावं. २०२० मध्ये १०८ जणांची एकच फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कुठला भाग कधी काम करतो हे टिपणाऱ्या स्कॅनची) माहिती ७० गटांना दिली गेली, नऊ गृहीतकं तपासायला. कुठल्याही दोन गटांची पद्धत तंतोतंत सारखी निघाली नाही आणि अनेक गृहीतकांवर निकालही वेगळे आले. सॉफ्टवेअरची आवृत्ती, इतकंच काय संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तरी मेंदूच्या आकारमानाचे आकडे हलतात. अभ्यासाच्या शेवटी सगळे स्कॅन एकाच आवृत्तीनं नव्यानं चालवावेत.

शोधनिबंधावर नाव कुणाचं येतं?

वैद्यकीय नियतकालिकांचे रुळलेले निकष चार आहेत: प्रत्यक्ष योगदान, लेखन किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी. नुसते रुग्ण पाठवून ते पूर्ण होत नाहीत. पण रुग्ण पाठवणाऱ्याला मसुदा दाखवलाच नाही तर तो निकष पूर्ण करणार कसा? म्हणून मसुदा सगळ्यांकडे जावा आणि दोन आठवड्यांची मुदत द्यावी. पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे विषय सुरुवातीलाच लेखी राखून ठेवावेत. यावरून होणारी भांडणं सर्वांत कडू असतात.

सहभागी झालो तर मला अहवाल मिळेल का?

संशोधनाचा स्कॅन निदानासाठी घेतलेला नसतो. तरी निरोगी म्हणून आलेल्या साधारण ३७ जणांमागे एकाच्या मेंदूत काहीतरी अनपेक्षित दिसतं, बहुतेकदा निरुपद्रवी. ते कोण बघणार, किती दिवसांत आणि कुणाला कळवणार, हे सही करण्याआधी विचारून घ्यावं. हंटिंग्टनसारख्या विकारात जनुकाचा निकाल नको असण्याचाही हक्क आहे. समुपदेशनाशिवाय तो कुणाच्याही हाती पडू नये.

पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतल्या जुन्या क्लिप किंवा डोळ्यात कधी धातूचा कण गेला असेल तर स्कॅनआधीच सांगावं.

मध्येच बाहेर पडलो तर आधी दिलेल्या माहितीचं काय होतं?

कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि त्याचा उपचारांवर परिणाम होता कामा नये. फ्रीजरमधले नमुने नष्ट करायला सांगता येतात, पुढचा वापर थांबवता येतो. मात्र प्रसिद्ध झालेल्या निकालांतून किंवा इतर संशोधकांनी आधीच उतरवून घेतलेल्या संचातून तुमची माहिती परत काढता येत नाही. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी नष्ट झाली असेल तर तुमचे नमुने कुठले हे शोधताही येत नाही. ती यादी किती वर्षं ठेवली जाईल, हे संमतिपत्रात लिहिलेलं असतं.